चुन्याखाली राहिलेले चित्र



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवतो. अशाच एका नोव्हेंबरात, 1474 साली, आजच्या क्रोएशियातील इस्त्रिया द्वीपकल्पात, बेराम गावच्या पवित्र मरियेच्या चॅपेलमध्ये एका चित्रकाराने आपले काम पूर्ण केले. त्याचे नाव कास्तावचा विन्सेंट.

इस्त्रियाचा बराचसा किनारा तेव्हा व्हेनिसकडे, तर आतला मुलूख हाब्सबर्ग घराण्याकडे होता. एका बाजूने इटलीची कला येई, दुसऱ्या बाजूने आल्प्सपलीकडची छापील चित्रे. विन्सेंटच्या भिंतींवर दोन्ही भेटतात. वाचता न येणाऱ्या भाविकांसमोर मरियेचे आणि प्रभूचे जीवन चित्रांतून उभे राहिले.

बाहेर पडताना दाराच्या वर दिसते ते मृत्यूचे नृत्य. पोप, कार्डिनल, बिशप, राजा, राणी, खानावळवाला, लहान मूल, लंगडा भिकारी, सरदार, व्यापारी अशी रांग आहे आणि प्रत्येकाला एक सांगाडा सोबत नेतो आहे. व्यापारी टेबलावरच्या पैशांकडे बोट दाखवतो, पण सांगाडा त्याला सोडत नाही. प्रभूने सांगितलेल्या मूर्ख श्रीमंताची आठवण होते.

पुढे खिडक्या मोठ्या करताना काही चित्रे फुटली, बाकीची गिलाव्याखाली गेली. ती 1913 मध्ये पुन्हा उजेडात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रांको फुचिच या कला-इतिहासकाराने इस्त्रियाची खेडी पालथी घालून अशी भित्तिचित्रे अभ्यासली. पाद्रींनी भिंतींवर कोरलेली जुन्या ग्लागोलित्सा लिपीतली अक्षरेही त्यांनी उतरवून घेतली. इस्त्रियाच्या भित्तिचित्रांवरचे त्यांचे पुस्तक 1963 मध्ये निघाले.

बेरामच्या भिंतीवर एक लॅटिन लेख आहे. चित्रकाराचे नाव आणि साल त्यातूनच कळते. काम गावाने करवून घेतले आणि खर्च मरियेच्या बंधुसंघाने केला, असेही तो सांगतो. गोव्यातल्या वाचकांना कॉन्फ्रारिया ठाऊक आहे, तसाच हा संघ. म्हणजे ही चित्रे राजाच्या खजिन्यातून नव्हे, गावकऱ्यांच्या वर्गणीतून झाली.

आपल्या चर्चमध्येही फेस्तापूर्वी रंगकाम निघते. ब्रश लावण्याआधी जुन्या भिंतीवर, वेदीमागे, थडग्याच्या दगडावर काय लिहिले आहे ते वाचा, त्याचा फोटो घ्या, फादरांना दाखवा. आपल्याआधी प्रार्थना केलेल्यांची तेवढीच खूण उरलेली असू शकते. या महिन्यात त्यांच्यासाठीही एक रोझरी म्हणू या.