माया आणि कारभार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत चार ओळी लिहा, असा भगिनींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी इतिहास लिहायचा म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण जो विषय रोज घरात आहे, त्यावरच लिहिते.

माझा धाकटा मुलगा विशेष मुलांच्या शाळेत जातो. काही वर्षांपूर्वी तेथे मुख्याध्यापक नेमायचे होते. नावे दोन, एका गुरुजींचे व एका बाईंचे. शिक्षकांचे बोलणे माझ्या कानी पडले, "बाई मायाळू खऱ्या, पण कारभार झेपेल का?" असे म्हणणाऱ्यांत शिक्षिकाच अधिक! ते वाक्य मनात सलत राहिले. मग या शाळा मुळात काढल्या कोणी, ते वाचनालयातून पुस्तके आणून पाहिले.

१८८७ साली अमृतसरला मिस ॲन शार्प यांनी अंधांची शाळा काढली. ती आपल्या देशातील पहिली मानतात. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. १९४४ साली मुंबईतच जय व होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या दीनासाठी राहत्या घरी वर्ग भरविला. पुढे त्यातूनच शिवडीची शाळा वाढली, ती जयबाईंच्या नावाने ओळखली जाते. मिथू आलूर यांच्या मालिनीला सेरेब्रल पाल्सी. अशा मुलांसाठी त्यांनी १९७२ साली मुंबईत संस्था व शाळा काढली. पुढे शिक्षक तयार करण्याचे वर्गही तेथे सुरू झाले.

मायेने शाळा सुरू होते, पण नुसत्या मायेवर चालत नाही. जागा मिळविणे, पैसा उभा करणे, हिशेब ठेवणे, शिक्षक घडविणे, हा सारा कारभारच की!

आमच्या शाळेत अखेर बाईंचीच नेमणूक झाली. एकदा रागाच्या भरात एका मुलाने शिक्षिकेच्या हाताचा चावा घेतला. बाईंनी आधी तिचा हात धुतला, मग मुलाला जवळ घेतले, आणि पुढे आठवडाभर स्वतः त्या वर्गात बसल्या. अनुदानाच्या कागदांसाठी कचेरीचे जिनेही त्यांनीच झिजविले. ज्यांनी शंका काढली होती त्याच शिक्षिका आता म्हणतात, "बाई पाठीशी आहेत, म्हणून आम्ही टिकलो." गुरुजी असे वागले असते, तर त्यांनाही हेच शब्द मिळाले असते. फरक एवढाच, की त्यांना झेपेल का, असे आधी कोणी विचारले नसते.

यंदा बाई निवृत्त होत आहेत, आणि शाळेत पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली आहे. या खेपेस पालकसभेत मी उभी राहणार आहे. माझा प्रश्न साधा आहे: मूल चावले तर शिक्षिकेचा हात कोण धुईल, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गात कोण बसेल? त्याचे उत्तर मिळाले, की नाव बाईचे असो वा पुरुषाचे.

सभेत बोलायची मला सवय नाही. भगिनींनो, त्या दिवशी दोघीतिघी तरी माझ्याबरोबर याल ना?