राष्ट्रीय फुटबॉल लीग, भारत (पुणे जिल्ह्याच्या संदर्भासह)

भारतातील पुरुषांच्या क्लब फुटबॉलची सर्वोच्च श्रेणीची साखळी स्पर्धा. १९९६-९७ ते २००६-०७ या काळात तिचे नाव ‘नॅशनल फुटबॉल लीग’ होते. २००७-०८ पासून ती ‘आय-लीग’ झाली. २०१४ मध्ये ‘इंडियन सुपर लीग’ (आयएसएल) शेजारी उभी राहिली आणि पाच वर्षांत तिने आय-लीगला दुय्यम स्थानी ढकलले. महाराष्ट्रात या श्रेणीचे विजेतेपद महिंद्रा युनायटेडने (२००५-०६) आणि पुढे मुंबई सिटीने आणले, म्हणजे प्रत्येक वेळी ते मुंबईतच आले. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला विजेतेपद नाही. मात्र दहा वर्षांच्या आत जिल्ह्यातले चार क्लब या श्रेणीत खेळले आणि चौघेही बंद पडले. शिरूर व दौंड या पूर्वेकडील तालुक्यांत अव्वल श्रेणीचा क्लब कधीच नव्हता.

पूर्वपीठिका : भारतात फुटबॉल जुना, राष्ट्रीय लीग मात्र उशिरा आलेली. ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ ची. या तिन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या, आणि सुरुवातीची अनेक वर्षे त्यांवर गोऱ्या पलटणींचाच वरचष्मा होता. रोव्हर्स चषक पहिल्यांदा एतद्देशीय संघाकडे गेला तो १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्सकडे. साखळी पद्धत होती ती शहरापुरती : कोलकात्यात १८९८ पासूनची लीग, मुंबईत हारवुड लीग. राज्यांच्या संघांसाठी १९४१ मध्ये संतोष करंडक आला. देशभरातल्या क्लबांसाठी १९७७ मध्ये फेडरेशन चषक सुरू झाला, पण तोही बाद पद्धतीचाच. परिणामी मोठ्या क्लबांचे वर्ष स्थानिक लीग आणि लागोपाठच्या निमंत्रित स्पर्धा यांत निघून जाई, आणि देशातला सर्वोत्तम क्लब कोणता याचे उत्तर स्पर्धेगणिक बदलत असे.

महाराष्ट्रात या जुन्या व्यवस्थेचा कणा नोकरी हा होता. रेल्वे, बँका, गिरण्या, पोलीस आणि लष्कर यांचे संघ असत. खेळाडूला पगार मिळे तो कारकुनाचा किंवा फिटरचा, आणि खेळाचे दिवस संपले तरी निवृत्तिवेतन पक्के असे. रेल्वेचा स्वतंत्र संघ संतोष करंडकात उतरे आणि १९६० च्या दशकात त्याने तो तीनदा जिंकला. महाराष्ट्राने (आधी मुंबई या नावाने) तो चार वेळा मिळवला, शेवटचा १९९९-२००० मध्ये. पुढे आलेल्या व्यावसायिक लीगच्या झगमगाटात ही व्यवस्था मागासलेली दिसू लागली खरी, पण खेळाडूच्या घरच्यांच्या दृष्टीने ती जास्त भरवशाची होती.

नॅशनल फुटबॉल लीग (१९९६–२००७) : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिलिप्स कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली १९९६ च्या अखेरीस ही लीग सुरू केली. पहिले विजेतेपद पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने मिळवले. त्यांच्याकडून खेळणारा बायचुंग भुतिया सर्वाधिक गोल करणारा ठरला. अकरा हंगामांत सहा विजेतेपदे कोलकात्याला (मोहन बागान तीन, ईस्ट बंगाल तीन), तीन गोव्याला (साळगावकर एक, डेम्पो दोन), एक फगवाड्याला आणि एक मुंबईला गेले.

मुंबईचे ते एकमेव विजेतेपद महिंद्रा युनायटेडचे. १९६२ मध्ये कंपनीच्या कामगार-कर्मचाऱ्यांचा संघ म्हणून सुरू झालेल्या या क्लबने गोव्याचे डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ मध्ये फेडरेशन चषक आणि लीग असा दुहेरी मान मिळवला. घरचे मैदान कुलाब्याजवळचे कूपरेज. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. जेसीटीनेही २०११ मध्ये तेच केले. विजेता क्लब पराभवामुळे नव्हे, तर संचालक मंडळाच्या ठरावाने नाहीसा होतो, ही भारतीय लीगची खास खूण म्हणावी लागेल. या लीगचा इतिहास गुणतक्त्यांवरून जेवढा कळतो, त्याहून अधिक तो मालकांच्या यादीवरून कळतो.

आय-लीग : २००७-०८ मध्ये नाव बदलून, व्यावसायिकतेचा आग्रह धरून दहा संघांची आय-लीग सुरू झाली. त्यांपैकी चार संघ एकट्या गोव्याचे होते : डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा. मुंबईचे दोन, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया. पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याने जिंकले. २०१३-१४ पासून विजेतेपद बंगळूर, कोलकाता, ऐझॉल, पंजाब, चेन्नई असे फिरू लागले. २०१६-१७ चा ऐझॉल एफसीचा विजय सर्वांत अनपेक्षित. त्यांचे प्रशिक्षक खालिद जमील हे महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्या तीन संघांतून खेळलेले, आणि मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीतल्या मुंबईच्या तिन्ही संघांपैकी एकही तेव्हा लीगमध्ये नव्हता : महिंद्रा २०१० मध्ये बंद झाला, एअर इंडिया क्लब परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने २०१३ मध्ये वगळला गेला, आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरून संपला.

पुणे जिल्ह्यातील क्लब : अव्वल श्रेणीत पोहोचलेला जिल्ह्यातला पहिला क्लब पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन त्याने २००९-१० मध्ये पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक मिळवला. महिंद्राला विजेतेपद मिळवून देणारे डेरिक परेराच इथेही प्रशिक्षक होते. २०१२-१३ मध्ये क्लब उपविजेता ठरला; त्याच्यापुढे फक्त चर्चिल ब्रदर्स होते. २०१४ मध्ये तो एएफसी चषकात, म्हणजे आशियाई स्पर्धेत खेळला. मिझोरमचा जेजे लालपेखलुआ याच क्लबातून पुढे आला. क्लबची खरी कमाई मामुर्डी येथील अकादमी होती. तिच्या मुलांनी वयोगटातील राष्ट्रीय लीग जिंकल्या. वरिष्ठ संघ २०१५ मध्ये बंद झाला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली.

कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ मध्ये थेट प्रवेश घेऊन आला, तळाला राहिला आणि एका हंगामातच आटोपला. तिसरा क्लब डीएसके शिवाजियन्स. मूळचा शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा पुण्यातला स्थानिक क्लब. बांधकाम व्यवसायातील समूहाच्या पाठबळावर तो २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला आणि मग बाहेर पडला. चौघांपैकी स्थानिक लीगमध्ये मुळे असलेला हा एकच, त्यामुळे त्याचे जाणे जास्त लागले. त्याने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर परिसरात निवासी अकादमी चालवली होती. पुढे मुंबई सिटीचा आणि भारताचा प्रमुख आक्रमक झालेला लालियानझुआला छांगटे इथलाच. बचावपटू जेरी लालरिनझुआलाही इथलाच.

चौथा एफसी पुणे सिटी, हा आयएसएलच्या २०१४ च्या पहिल्या आठ संघांपैकी एक. वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन हे मालक, इटलीचा फिओरेंतिना क्लब भागीदार, आणि पहिल्या वर्षी संघात फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझगे. एवढा थाट असूनही बाद फेरी फक्त एकदा, २०१७-१८ मध्ये गाठता आली. उपांत्य फेरीत बंगळूरने हरवले. आर्थिक अडचणींत २०१९ मध्ये क्लब संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये आयएसएल चषक जिंकला. पुढे तो क्लबही २०२५ मध्ये दिल्लीला हलला.

चौघांचे घरचे मैदान एकच : बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले. धावपट्टीमुळे तिथे प्रेक्षक मैदानापासून दूर बसतो. शहराच्या पेठा, लष्कर परिसर आणि खडकी, म्हणजे जिथे फुटबॉल खेळले जाते ते सगळे, तिथून लांब. या काळात पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमधले जुने क्लब आपापल्या मैदानांवर खेळतच होते, पण त्यांतला खेळाडू वर चढत बालेवाडीपर्यंत जाईल अशी शिडी कोणी बांधली नाही. वरच्या संघांत मिझोरम, गोवा, मणिपूर आणि परदेशातले खेळाडू होते. पुण्याचे नाव होते, पुणेकर थोडे होते.

कोल्हापूरशी तुलना इथे टाळता येत नाही. पाटाकडील तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम या पेठांच्या संघांना शाहू स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षक येतात, तेही तिकीट काढून. पण पुरुषांच्या अव्वल लीगमध्ये कोल्हापूरचा क्लब कधीच नव्हता. पुण्याला मालक मिळाले, कोल्हापूरला प्रेक्षक. दोन्ही एका गावात कधी आले नाहीत.

इंडियन सुपर लीग : महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार करून व्यापारी हक्क दिले. त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आयएसएलचा पहिला सामना झाला. अॅटलेटिको दि कोलकाताने मुंबई सिटीला ३-० ने हरवले. प्रारंभी ती दोन-अडीच महिन्यांची जत्राच होती. पदावनती नव्हती, पदोन्नती नव्हती. २०१६ मध्ये आयएसएलला वर आणि आय-लीगला खाली ठेवणाऱ्या महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०१९-२० पासून अव्वल दर्जा एकट्या आयएसएलकडे गेला. मुंबई सिटीत सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के वाटा घेतला, आणि क्लबने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड (साखळीतील अव्वल स्थान) व चषक (बाद फेरीचे विजेतेपद) दोन्ही, २०२२-२३ मध्ये शील्ड, २०२३-२४ मध्ये चषक जिंकला. २०२१ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्याला बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटाला निर्णायक गोल केला. करोनामुळे तो हंगाम संपूर्ण गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला होता. मूळ करार संपत आल्याने आणि नवा न झाल्याने जुलै २०२५ मध्ये २०२५-२६ चा हंगाम स्थगित झाला, आणि क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखायला सुरुवात केली.

शिरूर व दौंड : जिल्ह्याच्या पूर्वेकडील या तालुक्यांचे मैदानी खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट. शिरूर (घोडनदी) नगर रस्त्यावर आहे, दौंड हे मनमाड आणि सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गांचे रेल्वे जंक्शन. बालेवाडी दोन्हींच्या विरुद्ध टोकाला, शहरापलीकडे. आयएसएलचा सामना संध्याकाळी सात-आठला सुरू होई. तो संपवून घोडनदीला परतायचे तर स्वतःची गाडी हवी, आणि एवढा खटाटोप करणारा प्रेक्षक विरळाच. लोणी काळभोरची अकादमी तेवढी दौंडच्या लोहमार्गालगत होती. रांजणगावची औद्योगिक वसाहत शिरूर तालुक्यातच आहे, पण तिथल्या एकाही कारखान्याचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये उतरला नाही. महिंद्राच्या जमान्यात कारखाना आणि संघ ही जोडी स्वाभाविक वाटे. रांजणगावात ती रुजली नाही.

या तालुक्यांतल्या मुलासाठी आजही वाट शाळेतून जाते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी होतात; राष्ट्रीय पातळीवर पंधरा आणि सतरा वर्षांखालील सुब्रतो चषक आहे. त्यापुढे बालेवाडीची शासकीय क्रीडा प्रबोधिनी, जिथे कोल्हापूरचा अनिकेत जाधव शिकला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नाहीतर क्रीडा कोट्यातून पोलीस, लष्कर किंवा रेल्वेची नोकरी. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आणि रेल्वेची मोठी वसाहत असल्याने तिथे या शेवटच्या वाटेचीच माहिती घरोघर असते.