कोळशाने वास धरला, पण टोपली कोणी उचलली?

शिरूर कासारच्या आसपास कापसाची वेचणी संपली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. थोड्या चुलीला जातात, बाकीच्यांची उघड्यावर पांढरी राख होते. बायोचारवर वाचायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात पहिला हिशेब हाच आला. हाच माल हवा कमी ठेवून जाळला तर राखेऐवजी कोळसा मिळेल. तो संडासात, गोठ्यात टाकला तर वास जाईल, आणि नंतर तोच शेतात खत म्हणून टाकता येईल. कल्पना नवीन वाटली होती. लिटरेचर रिव्ह्यू करत मागे मागे गेले, तर ती दीडशे वर्षांहून जुनी निघाली.

१८५४ च्या सुमारास लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी मेलेल्या प्राण्यांचे देह कोळशाच्या भुकटीत पुरून प्रयोगशाळेतच ठेवून दिले. महिनोन्‌महिने वास आला नाही. पण देह टिकलेही नव्हते, ते नासून गेले होते. म्हणजे कोळसा कुजणं थांबवत नाही, कुजताना निघणारे वायू तो आपल्या छिद्रांत धरतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजही इथेच गल्लत होते. वास गेला म्हणजे जंतू गेले, असं अजिबात नाही.

त्याच काळात इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात हेन्री मूल नावाचे पाद्री होते. कॉलऱ्याच्या साथी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. पाण्याऐवजी कोरडी माती टाकायच्या संडासाचं पेटंट त्यांनी १८६० साली घेतलं. पुढे ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी मातीच्या जागी समुद्रशैवालाचा कोळसा वापरायचं सुचवलं. माती वाळवायची, आणायची, परत वाहून न्यायची हा मोठा खटाटोप होता. कोळसा कमी लागतो आणि वापरलेला पुन्हा जाळून घेता येतो, हा त्यामागचा विचार.

मूल यांची कोरड्या मातीची पद्धत हिंदुस्थानात आली ती मुख्यतः लष्करी बराकींत आणि तुरुंगांत. आणि इथे माझ्या विषयाला वेगळंच वळण लागलं. या पद्धतीत वास मरतो खरा, पण डबा रिकामा करायला रोज माणूस लागतो. तो माणूस कोण, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं होतं.

किती ठरलेलं, ते रत्नागिरीच्या तुरुंगात दिसलं. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली तिथे कैदेत होते. जन्माने ब्राह्मण. त्यांनी भंगीकाम मागितलं, आणि तुरुंगाच्या नियमात बसत नाही म्हणून ते नाकारण्यात आलं. अप्पांनी अन्नत्याग केला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबर १९३२ ला उपास सुरू केला आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर सोडला. एका माणसाला संडास साफ करू द्यावा म्हणून दोन तुरुंगांत उपास! जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. तुरुंगातली कामं जातीवरून वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ ला.

मातीच्या बाजूनेही हाच प्रश्न भेटतो. मैल्याच्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात मैला राखेत मिसळून, वाळवून विकला जायचा आणि बागायतदार तो उसाला घालायचे. सोनं शेतकऱ्याला मिळालं, पण ते वाहणाऱ्याची अस्पृश्यता सुटली नाही. अप्पांना ही गाठ पक्की कळली होती. कणकवलीला १९४८ मध्ये सुरू झालेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याच्या खताचे प्रयोग केले ते याच हेतूने, की ताजा मैला कोणालाच उचलावा लागू नये. आधी खत होऊ दे, मग हात लावा.

रसायनशास्त्राच्या अंगाने बघितलं तरी हा क्रम बरोबर आहे. ताजा कोळसा थेट शेतात टाकला तर तो सुरुवातीला पिकाचं नत्र स्वतःकडे धरून बसू शकतो. आधी गोठ्यात किंवा खतात मुरवला तर भरलेला जातो. राख मात्र वेगळी वागते. कोरड्या संडासात ती ओल शोषते, पीएच वाढवते, त्यामुळे जंतू कमी व्हायला मदत होते. पण गोमूत्राने भिजलेल्या गोठ्यात तोच वाढलेला पीएच अमोनिया हवेत सोडतो आणि डोळे चुरचुरतात. म्हणून राख आणि बायोचार एकाच रकान्यात लिहू नका.

महाराष्ट्रात पिकाच्या अवशेषांचा कोळसा करायचं काम नंतर गाजलं, पण वेगळ्या कारणाने. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवल्या, आणि त्यासाठी २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, मातीसाठी नव्हे.

आता परत शिरूरला. अ‍ॅमेझॉनच्या काळ्या मातीची उदाहरणं आपण फार उत्साहाने देतो. तिथली मूळ जमीन आम्लधर्मी. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, चुनखडीची, अन्नद्रव्यं धरून ठेवणारी. तिथला फायदा इथे तसाच मिळेल असं गृहीत धरणं चूक आहे. माळावरच्या हलक्या, मुरमाड रानात तपासण्यासारखं जास्त आहे.

आणि संडासाचं म्हणाल, तर या तालुक्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. फडावरच्या कोप्यांपाशी ना संडास, ना पुरेसं पाणी. बिनपाण्याचा, कोळशाचा संडास तिथे सगळ्यात उपयोगी पडेल असं मला वाटतं. पण मी प्रयोगाची वही आखली तेव्हा रकाने होते अमोनिया, ओलावा, पीएच, तापमान. डबा कोण रिकामा करणार, किती दिवसांनी, कशाने, याला रकानाच नव्हता. तो आता पहिला घातलाय.