सौ. आणि साम्राज्य

लग्नात भटजी नवऱ्या मुलाकडून बऱ्याच गोष्टी कबूल करून घेतात. धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला सोडून एकटा पुढे जाणार नाही, असं होमाच्या धुरात डोळे चोळत आम्हीही म्हटलेलं आहे. खेळाबद्दल मात्र त्या वचनात अवाक्षर नाही. एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा विचार करणाऱ्या शास्त्रकारांनी ही फट कशी ठेवली, कोण जाणे! कारण संसारात धर्मावरून भांडणं फारशी होत नाहीत. अर्थावरून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होतात. पण नवऱ्याला एखाद्या डावाचं वेड असलं, की ते बाराही महिने घरात पाहुण्यासारखं ठाण मांडून बसतं. आणि त्या वेड्याला एकट्याने वेडं राहवत नाही. बायकोनेही आपल्या शेजारी बसावं, डाव शिकावा, निदान आपण जिंकल्यावर "वा!" तरी म्हणावं, असं त्याला वाटत असतं.

हा रोग जुना आहे. पुरावा पाहिजे असेल तर वेरूळला जा. एकविसाव्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेले आहेत. खाली नंदी आहे आणि शिवगणांचा धुडगूस चालला आहे. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही हाच प्रसंग आहे. म्हणजे हे काही एखाद्या शिल्पकाराच्या डोक्यातून सहज निघालेलं नाही, गिऱ्हाइकाची मागणी असावी. पुराणातली हकिकत अशी, की पार्वतीने शंकराला साफ नागवलं. चंद्रकोर गेली, भूषणं गेली, शेवटी कौपीनसुद्धा गेलं. मग देवाधिदेव रुसून रानात निघून गेले आणि भिल्लिणीचं रूप घेऊन पार्वतीलाच त्यांची समजूत काढायला जावं लागलं. हरलेला नवरा फुरंगटून घराबाहेर जातो आणि चहा घेऊन बायको मागे जाते, ही प्रथा थेट कैलासावरून खाली आलेली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात ते याच आठवणीने.

धर्मराजानेही बायकोला खेळात घेतलं होतं, नाही असं नाही. पण पणाला लावून. ते उदाहरण आपण इथेच सोडून देऊ.

माझी बदली २००१ साली नागभीडला झाली. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं हे जंक्शन. गोंदियाकडून बल्लारशाला जाणारी मोठी गाडी आणि नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर करत डुलत येणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी यांची इथे गाठ पडे. (ती छोटी लाईन रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. तिच्यात बसून जेवढं वाचन झालं तेवढं मी कॉलेजात केलं नव्हतं.) मी घाटावरचा. सौ. मात्र याच झाडीपट्टीतली, सिंदेवाहीच्या बाजूची. म्हणजे बदली माझी झाली आणि माहेर तिला मिळालं. गावात पाऊल ठेवल्यापासून मी सगळ्यांचा जवाईबापू. मान भरपूर. पण बुद्धिबळाचा पट मांडला की पंचाईत, कारण जावयाला हरवायचं कसं? कचेरीतला शिपाई, शेजारचे गुरुजी, चुलत मेहुणे, सगळे माझ्याशी मनापासून हरत. एकाने तर माझा वजीर सरळ मरत असताना आपला उंट मागे घेतला आणि वर म्हणाला, "जवाईबापूचं डोकं म्हणजे डोकं!" असं जिंकून जिंकून मी अगदी एकटा पडलो. मला हरवायला बिचकणार नाही असं गावात एकच माणूस होतं, आणि ते स्वयंपाकघरात होतं.

एका रविवारी दुपारी मी तिला पटासमोर बसवलं.

"हा राजा. हा वजीर. हा सगळ्यात जबरदस्त. उभा, आडवा, तिरपा, पाहिजे तितकी घरं."

"आणि राणी?"

"राणी नसते आपल्यात."

"काऊन? मेली का?"

सौ. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलते, पण मुद्द्यावर आली की झाडीवर येते. मी तिला सांगितलं की साहेबांच्या बुद्धिबळात याच सोंगटीला राणी म्हणतात. आणि हे सांगताना मला आमच्या खेळाच्या इतिहासातली एक मोठी गंमत आठवली. आपला वजीर अरब-इराणमार्गे युरोपात गेला, तिथे त्याची राणी झाली; पण कित्येक शतकं ती बिचारी तिरपं एकच घर चालायची. पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी स्पेनच्या बाजूला तिला एकदम सगळे अधिकार मिळाले. या नव्या राणीचा अगदी पहिला म्हणून जो डाव सापडतो, तो वालेन्सिया शहरातल्या तीन कवींनी १४७५ च्या सुमाराला लिहिलेल्या एका कवितेत आहे. कवितेचं नावच 'प्रेमाचं बुद्धिबळ'. त्यात मंगळदेव शुक्रदेवीची आराधना करतो, ती पटावर सोंगट्या हलवून! आणि एकविसाव्या चालीला त्याच नव्या राणीने तिच्यावर मात करतो. कवितेत ठीक आहे. पण देवीने त्यानंतर त्याला रात्री जेवायला वाढलं की नाही, हे तिघांपैकी एकही कवी सांगत नाही.

मी तर एकवीस चालीही घेतल्या नाहीत. शिकवण्याच्या उत्साहात पहिल्याच डावात सौ.वर चार चालींत मात केली आणि "कळलं का कसं ते?" असंही विचारलं. तिने सोंगट्या डबीत भरल्या, डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "झालं न? कणीक भिजवायची आहे मले." बुद्धिबळ आमच्या घरातून उठलं ते तेव्हा.

पण यात मी एकटा नव्हे. फ्रान्सचा मोठा चित्रकार मार्सेल द्यूशाँ याने १९२७ च्या जूनमध्ये लग्न केलं आणि मधुचंद्राच्या रात्री तो बुद्धिबळाची कोडी सोडवत बसला. सांगतात, की नव्या नवरीने एका रात्री तो झोपल्यावर सगळ्या सोंगट्या सरसाने पटाला चिकटवून टाकल्या. १९२८ च्या जानेवारीत घटस्फोट. आमच्या घरात तेव्हा सरस नव्हता, एवढंच. उलट आपल्या महाराष्ट्रात प्रवीण ठिपसे आणि भाग्यश्री साठे यांचं लग्न झालं. ते राष्ट्रीय विजेते आणि पुढे १९९७ साली ग्रँडमास्टर. त्या पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या, १९९१ साली आशियाई विजेत्या. त्या घरी कुणी कुणाला गोडी लावायचा प्रश्नच नव्हता. पण अशी घरं किती? आम्ही आपली साधी माणसं, आमच्याकडे एक शिकवणारा आणि एक कणीक भिजवणारी.

पुढे २००३ साली मी कॉम्प्युटर घेतला. सीताबर्डीवरून इतवारीपर्यंत रिक्षा आणि तिथून छोट्या गाडीने तो पेटाऱ्याएवढा मॉनिटर मांडीवर घेऊन नागभीड. भिवापूरला एका म्हातारीने त्याला टीव्ही समजून हात जोडले, तिला रामायण आठवलं असावं. त्या कॉम्प्युटरवर मला 'एज ऑफ एम्पायर्स' भेटलं आणि मी कामातून गेलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत डॅलसला बसून काही मंडळींनी १९९७ साली हा खेळ काढला. आपल्याला एक चावडी मिळते आणि तीन गावकरी. त्यांच्याकडून लाकडं तोडायची, फळं वेचायची, शिकार करायची, सोनं खणायचं, वस्ती वाढवायची, फौज उभारायची आणि मग शेजारच्या राज्याचा निकाल लावायचा. शेवटचा भाग मला फार आवडायचा. रात्री दोन-दोन वाजता मी फौजा हाकत बसलेला असे. एकदा सौ. पाणी प्यायला उठली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"याच्यात साऱ्या माणसंच दिसून राहिले. बाया कुठं आहेत?"

मी बघितलं. खरंच की! अख्खं साम्राज्य उभं राहिलं, पण गावात एक बाई नाही. पुन्हा तोच प्रश्न, वजिराच्या वेळचा. पण या वेळी इतिहास जरा लवकर सुधारला होता. राणीला अधिकार मिळायला युरोपात शतकं लागली. इथे १९९९ साली निघालेल्या दुसऱ्या भागात गावकऱ्यांमध्ये बाया आल्या आणि त्या लाकूडतोडीपासून सोन्याच्या खाणीपर्यंत सगळं काम पुरुषांच्या बरोबरीने करू लागल्या. पुढच्या नागपूर फेरीत मी तो दुसरा भाग घेऊन आलो.

सौ.ने स्टूल ओढलं. तेरा देशांचे लोक होते, त्यांतून एक निवडायचे. तिने आधी चांद्याचे गोंड राजे शोधले. ते नाहीत म्हटल्यावर, "हत्ती कोणाजवळ आहेत?" म्हणून इराणी घेतले. आणि मग एकेक शंका सुरू झाल्या. यात पाऊस कधी पडतो? पडत नाही. मग धान कसं होतं? शेत करायला साठ लाकडं लागतात, पीक संपलं की पुन्हा साठ लाकडं. "शेताले लाकडं? बांधी नाही, बोडी नाही, रोवणी नाही, नुसती लाकडं टाकली की झालं?" तिच्या सात पिढ्या बांधीत उभ्या राहिलेल्या, तिला हे पटेना. आणि तोडलेलं जंगल परत वाढतं का? मी म्हटलं, नाही वाढत. "मग हे कोणत्या खात्याचं आहे?"

इथे माझ्यातला मास्तर पुन्हा जागा झाला. मी तिच्यासाठी वहीच केली. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग दोन घरं, वगैरे. मागे उभा राहून, "अगं, तो रिकामा उभा आहे", "अगं, चावडीवर क्लिक कर", असा माझा घोष. तिसऱ्या दिवशी सौ. शांतपणे उठली आणि स्टूल स्वयंपाकघरात गेलं. सरस लावला नाही हे नशीब.

मला वाटलं, संपलं. त्याच सुमाराला कामासाठी मला चार दिवस चंद्रपूरला जावं लागलं. परत आलो आणि कॉम्प्युटर लावला, तर तिथे तिच्या नावाने ठेवलेले तीन डाव! वही कुठे होती म्हणाल, तर कोपऱ्यात, कुंकवाच्या डबीखाली.

आता मी मागे स्टुलावर बसलो आणि ती खुर्चीवर. तिचं राज्य बघून माझा जीव कासावीस व्हायचा. फौज जवळजवळ नाहीच. चहूबाजूंनी लाकडी कुंपण. चावडीत एक घंटा असते, ती वाजवली की सगळे गावकरी कामं टाकून आत पळतात. ती घंटा तर ती चुलीवरचं दूध बघायला उठतानासुद्धा वाजवून जायची. आणि लाकडं तोडायला बाया पाठवायची त्या चार-चार जणींच्या घोळक्याने, बरोबर भाला घेतलेला एक शिपाई. मला राहवेना.

"अगं, एकेकीला वेगळ्या झाडावर लाव. किती वेळ वाचेल! आणि हा शिपाई फुकट उभा आहे."

"लांडगे आहेत तिथं."

"असू देत. एखादी गेली तर पन्नास धान्य देऊन नवी मिळते."

तिने माउसवरचा हात काढला. वळून बघितलं नाही. "एकटी बाई जंगलात जात नाही," एवढंच म्हणाली.

आदल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरच्या गावची एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. बरोबरची सोबतीण त्या दिवशी आजारी होती, म्हणून एकटीच गेली. वाघाने नेलं. आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. अंगणात अर्धवट वाळलेली मोहफुलं तशीच पसरलेली होती आणि ती उचलायला कुणी धजत नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पन्नास धान्याचा हिशेब सांगत होतो.

मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने घोळका पुढे हलवला, आणि मी त्या शिपायाला आणखी एक जोडीदार देता येईल का, असं विचारलं. "द्या की," म्हणाली. तेव्हापासून शिपायांचं खातं माझ्याकडे आणि बाकीचं राज्य तिच्याकडे.

या खेळात जिंकायचा आणखी एक मार्ग आहे, जो मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. एक भलंमोठं स्मारक बांधायचं आणि ते खेळातली दोनशे वर्षं पडू द्यायचं नाही. लाकूड, दगड आणि सोनं हजार हजार लागतं. सौ.ने ते काटकसरीने जमवलं, तिच्या आईने मुलीच्या लग्नासाठी जमवावं तसं. एका मे महिन्याच्या रात्री स्मारक उभं राहिलं आणि वर्षं उलटी मोजली जाऊ लागली. शत्रू चवताळून आला. माझे भालेवाले कुंपणाशी उभे. घंटा वाजली, बाया आत गेल्या. दीडशे वर्षं राहिली, शंभर राहिली. सौ. खुर्चीच्या कडेवर आली होती, मी स्टुलावर गुडघे टेकून उभा होतो. ऐंशी. साठ. चाळीस.

आणि वीज गेली.

भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही साफ विसरलो होतो. डाव ठेवलेला नव्हता. यूपीएसने एकदा कण्हून जीव सोडला. पंखा थांबत थांबत थांबला. काळोखात मला काही सुचेना, रडावं की हसावं. बाजेवर टेकल्याचा आवाज आला.

"अहो."

"काय?"

"लाईट आली की मले उठवजा."