आपल्या कामाची मोजणी: कोण करतं, कशी करतं?

हंगाम लागला की आपल्या आष्ट्याच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोणत्या कोयत्याचा किती खाडा झाला, हे मुकादमाच्या वहीत असतं. खाडा का झाला, हे त्या वहीत नसतं. कामाच्या जागी माणसं तशी का वागतात, हे शोधायचं एक शास्त्र आहे. कोणाला विचारायचं, कशाशी ताडून बघायचं आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे त्यात शिकवतात. सर्व्हेचे कागद घेऊन माणसं आपल्या बचतगटातही येतात आणि त्याच कागदांवरून आपल्यासाठी योजना ठरतात. म्हणून आज या शास्त्राची गोष्ट सांगतो.

पहिलं नाव आपल्याच भागातलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911 चा, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. लंडनला जाऊन ते संख्याशास्त्र शिकले आणि 1940 च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. देशात धान्य किती पिकतं, हे तेव्हा सरकारला नीट माहीत नव्हतं. सगळी शेतं कापून मोजणं शक्य नाही. मग चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी काही गावं, काही शेतं निवडायची, प्रत्येक शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढाच कापून वजन करायचं. हाच पीक कापणी प्रयोग.

यात सुखात्म्यांनी एक खोड पकडली. तुकडा फार लहान आखला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसायचं. का? वाफा लहान तितका बांध जास्त. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. मोठ्या तुकड्यात कडेची रोपं त्या मानाने थोडी, म्हणून चूकही थोडी. पीक तेच होतं, मोजणाऱ्याच्या हातामुळे आकडा फुगत होता. पुढे 1951 पासून सुखात्म्यांनी रोमला जागतिक अन्न संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळला.

मोजणाऱ्याच्या हाताने आकडा बदलतो, तसा ज्याला मोजतात त्याच्या मनानेही बदलतो. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता. तिथे 1924 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. उजेड वाढवला तर काम वाढतं का? एका गटाचा उजेड वाढवला, दुसऱ्याचा होता तसाच ठेवला. काम दोघांचंही वाढलं!

मग 1927 मध्ये पाच बायकांना वेगळ्या खोलीत बसवलं. 35 च्या आसपास बारीक भाग जोडून एक सुटा भाग बनवायचा, असं त्यांचं काम. त्यांना मध्ये विश्रांती दिली, कामाचे तास कमी केले, मजुरीची पद्धतही बदलली. काम वाढत गेलं. माणसाकडे लक्ष दिलं की काम वाढतं, असा अर्थ जगभर पुस्तकांत छापला गेला.

पण खोलीत आणखीही काही घडलं होतं. 1928 च्या सुरुवातीला पाचातल्या दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. 1929 नंतर मंदी आली, नोकरी जाण्याची धास्ती बसली. 1978 मध्ये दोन संशोधकांनी जुने आकडे पुन्हा घेतले आणि कोणत्या कारणाचा वाटा किती, हे गणिताने वेगळं करून पाहिलं. वरिष्ठांची शिस्त, मंदी आणि विश्रांतीचा वेळ, यांचाच वाटा मोठा निघाला. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि बायका पाचच, तर श्रेय कशाला द्यायचं?

आता पुन्हा आपल्या फडात येऊ. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, अशी ओरड झाली. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीतल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

फरक अंगावर येतो. तरी शास्त्र इथे दोन प्रश्न विचारतं. दोन्हीकडच्या बायकांची वयं सारखी आहेत का? नसतील तर वयाचे गट पाडून तिशीतलीला तिशीतलीशीच ताडलं पाहिजे. दुसरा प्रश्न कारणाचा. खाड्याच्या दंडाने हे झालं, की दवाखान्याने भीती घातली म्हणून, की दोन्हींमुळे? ते कळायला त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकांनाही विचारायला हवं. हे प्रश्न दुःखावर शंका घेण्यासाठी नाहीत. असं तपासून घेतलेला आकडा कोणाला सहज उडवून लावता येत नाही.

सरासरीचंही जपून घ्या. समजा, भांगलणीला पाच बायका आहेत. चौघींना 300 रुपये आणि पाचवीला 800. सरासरी 400 निघते. प्रत्यक्षात 400 कोणालाच मिळत नाहीत, आणि कागदावर मात्र चौघींचं बरं चाललेलं दिसतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी कागद घेऊन आलं की गटाने चार गोष्टी विचाराव्यात. आम्हालाच का निवडलं? आमची तुलना कोणाशी करणार? उत्तर देताना मालक, मुकादम किंवा घरचं माणूस शेजारी उभं राहणार का? आणि निष्कर्ष आम्हाला वाचून कोण दाखवणार? पहिलं उत्तर लिहून देण्याआधी हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.