छंद, प्रवास आणि पाहुणचार

१८९० सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांची एक मोठी सभा भरली होती. दहा हजारांच्या आसपास माणसे जमली होती, आणि दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. मागणी साधी होती: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून ही मागणी लावून धरीत होते. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांत रविवार आला तो असा, सभा आणि अर्ज यांच्या वाटेने.

सुट्टी मिळाली, पण तिचे करावयाचे काय? हा प्रश्न पोटभरू लोकांना चैनीचा वाटतो. आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरत आहो, आणि आमचा अनुभव उलट आहे. कामाचे तास कमी करण्यासाठी जो लढा द्यावा लागतो त्याच्या निम्मा लढा मोकळ्या तासांचे सोने करण्यासाठी द्यावा लागतो. मोकळा वेळ रिकामा राहिला की त्यात दुकानदार शिरतो, गुत्तेवाला शिरतो. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहो त्या लोकांनी या वेळेत एक वेगळीच गोष्ट करून दाखविली. आपल्यासारखाच छंद असलेली परगावची, परदेशची माणसे शोधावयाची, जथ्याने त्यांच्याकडे जावयाचे, त्यांच्या घरी उतरावयाचे, आणि पुढल्या खेपेला त्यांना आपल्या घरी बोलवावयाचे, अशी ही गोष्ट. राजेरजवाड्यांच्या इतिहासात हिला जागा नाही, म्हणूनच ती येथे सांगितली पाहिजे.

जथ्याच्या प्रवासाचा आरंभ बहुतेक जण थॉमस कुकपासून धरतात. ५ जुलै १८४१ रोजी या सुतारकाम केलेल्या, मद्यपानविरोधी प्रचारकाने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला खास गाडी नेली. अंतर अकरा-बारा मैलांचे, भाडे एक शिलिंग, आणि माणसे सुमारे ५००. दहा वर्षांनी, १८५१ साली, लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा गावोगावच्या कामगारांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवून मंडळे काढली. कुकने त्या प्रदर्शनास दीड लाखांच्या आसपास माणसे नेली असे सांगतात. कामगाराला प्रवास परवडतो तो एकरकमी पैशाने नव्हे, तर आठवड्याच्या वर्गणीने, हा मोठा शोध तेव्हाच लागला. परंतु या प्रवासात एक उणीव होती. पाहावयास पुष्कळ होते, भेटावयास कोणी नव्हते. गाडीतून उतरलेला माणूस गर्दी म्हणून गेला आणि गर्दी म्हणूनच परतला. यजमान नाही तेथे पाहुणा नाही. तेथे असते ते फक्त गिऱ्हाईक.

ही उणीव भरून काढण्याचे काम पुढल्या पिढीत सायकलने केले. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली, आणि काही वर्षांत जुनी सायकल कारागिराच्या आवाक्यात आली. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये सहा तरुण एका कॉफीहाऊसात जमले आणि त्यांनी सायकलस्वारांचा एक क्लब काढला. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचे 'क्लॅरियन' नावाचे समाजवादी साप्ताहिक ते वाचीत, म्हणून क्लबाला नाव तेच पडले. दुसऱ्या गावांतही असे क्लब निघाले. १८९५ च्या ईस्टरला हे सारे अ‍ॅशबोर्न या गावी एकत्र आले, आणि राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

दरवर्षी ईस्टरला निरनिराळ्या गावी मेळा भरवावयाचा, ही त्यांची रीत पडली. बाहेरचे क्लब सायकली हाणीत यावयाचे आणि तेथल्या मंडळींनी सारी व्यवस्था पाहावयाची. वाटेत एक क्लॅरियनवाला दुसऱ्याला भेटला की पहिला म्हणे 'बूट्स', आणि दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे 'स्पर्स'. एवढ्या दोन शब्दांत परका माणूस आपला होई.

आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. पंढरीच्या वाटेवर 'माउली' या एका शब्दाने हेच काम होते. दिंडीची भिशी ठरलेली, मुक्काम ठरलेले, कोणत्या गावी कोणाची पंगत तेही ठरलेले. युरोपातील कामगारांनी हे आपल्याकडून घेतले असे मात्र मुळीच नव्हे. माणसांना जथ्याने हिंडावयाचे असले आणि खिशात फार पैसे नसले, की बुद्धी सगळीकडे सारख्याच वाटेने चालते, एवढेच आम्हाला म्हणावयाचे आहे.

क्लॅरियनचा मेळा भरला त्याच १८९५ साली व्हिएन्नात गेओर्ग श्मीडल नावाच्या शिक्षकाने कामगारांच्या दैनिकात एक लहानशी जाहिरात दिली. निसर्गाची आवड असलेल्यांनी पत्ते कळवावेत, एवढाच तिचा आशय. तिला प्रतिसाद देणाऱ्यांत आलोइस रोहराउअर हा लोहारकाम करणारा कारागीर होता, आणि पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झालेला कार्ल रेनर हा त्या वेळचा विद्यार्थीही होता. त्यातून 'नाटुरफ्रॉइंडे', म्हणजे निसर्गमित्र, ही संस्था निघाली. त्या काळी आल्प्सची शिखरे ही पैसेवाल्या गिर्यारोहण मंडळांची मिरास होती, आणि खाजगी जमिनींतून जाणाऱ्या वाटा बंद असत. म्हणून निसर्गमित्रांनी एकमेकांना नमस्कार करावयाचा तो 'बेर्ग फ्राय', म्हणजे 'डोंगर मोकळा', असे म्हणून.

१९०७ साली त्यांनी टिरोलमध्ये आपले पहिले डोंगरघर उघडले. पुढे अशी शेकडो घरे झाली, आणि त्यांतली कितीतरी सभासदांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः दगड वाहून बांधली. संस्थेत छायाचित्रणाचे, बर्फावरील खेळांचे, वनस्पती आणि खडक ओळखण्याचे वेगवेगळे गट असत.

येथे कोणी विचारील, नुसती मैत्री म्हणून भेटले तर काय बिघडते, मध्ये छंद कशाला? आमचे उत्तर असे. दोन परक्या माणसांना समोरासमोर बसविले तर पहिल्या तासात कुशल संपते, आणि मग कोण मोठा कोण लहान याचे मोजमाप सुरू होते: पगार किती, घर केवढे, जात कोणती. तेच दोघे सायकलचे पंक्चर काढीत बसले तर मोजमाप वेगळे होते. ज्याला काम येते तो गुरू, ज्याला येत नाही तो शिष्य. आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या कामात शिष्याचाच गुरू होतो. छंदामुळे पाहुण्याला यजमानाच्या घरात करावयास काम मिळते. काम मिळाले की त्याचा संकोच जातो.

या रीतीचा सर्वांत मोठा प्रयोग पहिल्या महायुद्धानंतर झाला. १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांना जर्मनीला बोलाविलेच नव्हते. अशा वेळी, १९२५ च्या जुलैत, कामगारांच्या क्रीडासंघांनी जर्मनीतच, फ्रँकफुर्टला, आपले वेगळे ऑलिंपियाड भरविले. देशोदेशीच्या झेंड्यांऐवजी तेथे लाल निशाण होते, आणि 'पुन्हा युद्ध नको' ही घोषणा होती. सात वर्षांपूर्वी खंदकांत समोरासमोर उभ्या राहिलेल्या पिढीचे लोक येथे एकत्र खेळले. १९३१ साली असाच मेळा व्हिएन्नात भरला. त्यात सुमारे ८० हजार खेळाडू होते आणि ते वीसहून अधिक देशांतून आले होते. इतकी माणसे धर्मशाळांत मावत नाहीत. शाळा उघडाव्या लागल्या, आणि कामगारांनी आपली घरे उघडली. त्या शहराच्या नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो चांगली घरे बांधली होती, हे येथे विसरू नये. पाहुण्याला जागा द्यावयाची तर आधी यजमानाला घर लागते.

आता कडू भाग सांगितला पाहिजे. आमच्या व्यवसायात यशाचीच कथा सांगण्याची खोड आहे. ती इतिहासात चालत नाही. ज्या ब्लॅचफर्डच्या पत्रावरून क्लॅरियन क्लब निघाला, त्यानेच बोअर युद्धाचा पुरस्कार केला, आणि १९१४ सालीही तो युद्धाच्या बाजूने उभा राहिला. त्याचे कितीतरी वाचक दुखावून दूर गेले. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने जर्मनीतील निसर्गमित्रांवर बंदी घातली. १९३४ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नातील कामगार वसाहतींवर तोफा डागण्यात आल्या, आणि त्यात कार्ल मार्क्स होफ ही प्रसिद्ध इमारतही होती. ऑस्ट्रियातील संस्थाही बंद झाली आणि हातांनी बांधलेली डोंगरघरे जप्त झाली. १९३६ च्या जुलैत बार्सिलोनाला असाच लोकांचा क्रीडामेळा भरावयाचा होता; खेळाडू गावात पोहोचले, आणि तेवढ्यात स्पेनचे यादवी युद्ध पेटले.

मग या साऱ्या जाण्यायेण्याचा उपयोग काय झाला? एकमेकांच्या घरी जेवल्याने युद्ध थांबते, असे जो सांगेल तो भोळा होय किंवा लबाड होय. युद्धे थांबवावयाची तर सत्ता हातात लागते, आणि पाहुणचाराने सत्ता येत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. व्हिएन्नात बंदी आली तेव्हा निसर्गमित्रांचे आंतरराष्ट्रीय कार्यालय झुरिकला हलले आणि तेथून चालू राहिले. १९३८ साली क्लॅरियनचे दोन सायकलस्वार स्पेनच्या मदतीसाठी पैसे गोळा करीत ग्लासगोहून बार्सिलोनापर्यंत गेले. १९४५ नंतर जर्मनीत आणि ऑस्ट्रियात निसर्गमित्रांच्या शाखा पुन्हा उभ्या राहिल्या. बंदीने कचेऱ्या मोडल्या, पण ओळखी मोडल्या नाहीत. या रीतीने युद्ध अडले नाही, पण युद्धानंतर पहिले पत्र कोणाला लिहावयाचे हे माणसांना ठाऊक राहिले. आम्ही याची किंमत कमी समजत नाही.

पुढे या रीतीचा व्याप वाढला. १९३६ साली फ्रान्समध्ये मोठ्या संपानंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. १९३८ साली ब्रिटननेही पगारी रजेचा कायदा केला. १९७७ साली अमेरिकेत वेन स्मिथ या धर्मोपदेशकाने 'फ्रेंडशिप फोर्स' ही संस्था काढली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तिची घोषणा केली, आणि पहिली देवघेव त्याच वर्षी अटलांटा आणि न्यूकॅसल या शहरांत झाली. गावचा क्लब कार्यक्रम आखतो, सभासद घरी उतरवून घेतात, आणि कधी बागकाम, कधी दुसरा एखादा छंद मध्ये ठेवून जथे बोलावतात. रीत जुनीच आहे. फरक इतकाच की विमानाचे भाडे आणि मोकळे आठवडे ज्याच्यापाशी आहेत त्यालाच हे साधते.

आता आमचा स्वतःचा एक अनुभव सांगून आटोपते घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या यंत्रमाग कामगारांच्या भजनी मंडळाने दुसऱ्या गावच्या मंडळाकडे तीन दिवस जावयाचे ठरविले. महिन्याला वर्गणी काढून वर्षात भाड्याचे पैसे जमले. आम्ही इतिहास वाचलेला होता, म्हणून आपल्याला सर्व समजते अशा घमेंडीत होतो. चाळीस जण निघालो. तेथे पोहोचल्यावर कळले की घरे अकरा, आणि त्यांतल्या सहा घरांतला कर्ता माणूस रातपाळीला. तो सकाळी कामावरून आला की आम्ही त्याच्या अंथरुणावर! त्यांचा पखवाज काळी चारला लावलेला, आमच्या गायकाची पट्टी काळी दोन. पहिली रात्र पखवाज उतरविण्यातच गेली. तरीही भजन असे रंगले की सारे विसरलो. निघताना आम्ही आभाराचे भाषण केले. तेव्हा घरातल्या एक वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, तुम्ही तीन दिवस भजन केलंत. आम्ही तीन दिवस पोळ्या केल्या."

त्या एका वाक्याने आम्हाला जे शिकविले ते आमच्या ग्रंथांनी शिकविले नव्हते. आम्ही वाचलेल्या वृत्तांतांत सायकली होत्या, झेंडे होते, घोषणा होत्या. चूल कोणी सांभाळली हे कोठेही नव्हते. परतभेटीच्या वेळी आम्ही नियम बदलले. आधी घरे मोजावयाची, मग माणसे. पाळीचा तक्ता पाहून मगच तारीख धरावयाची. स्वयंपाक पुरुषांनी मंडळाच्या जागेत करावयाचा. आणि त्या गावच्या स्त्रियांनी पाहुण्या म्हणून यावयाचे, वाढपी म्हणून नव्हे. त्या आल्या, त्यांनी एक रात्र स्वतः भजन केले, आणि आमच्या भाजीत मीठ जास्त पडले होते हे सर्वांदेखत सांगितले.

आजही कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा कागदावरच असते. ज्याला रजा नाही तो ना पाहुणा होऊ शकतो ना यजमान. म्हणून आम्ही आमच्या मंडळाच्या भजनाची वही आणि युनियनच्या मागण्यांची वही एकाच कपाटात ठेवतो. लोखंड्यांनी मिळवून दिलेला एक दिवस शाबूत ठेवणे हे पहिले काम होय. त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जाणे, आणि त्याच्यासाठी आपले दार उघडणे, हे दुसरे.