कॅसेटची खरखर आणि साठ हजारांचे इअरफोन

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका दुकानात मी सलग तीन शनिवार इअरफोन ऐकत बसलो होतो. समोर तीन डबे. एटिमॉटिकचा ईआर-४एसआर, मूनड्रॉपचा ब्लेसिंग ३ आणि सेनहायझरचा आयई ६००. पहिल्यात प्रत्येक कानासाठी एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा इवलासा स्पीकर. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात पुन्हा एकच, पण वेगळ्या जातीचा, आणि किंमत साठ हजारांच्या आसपास. दुकानातला मुलगा दर वेळी विचारायचा, "सर, टेस्ट ट्रॅक कोणता लावू?" मी माझ्या फोनमधली एक फाइल लावायचो. १९८९ साली नांदेडमध्ये पप्पांनी भरलेल्या एका कॅसेटवरचं भीमगीत, आवाज प्रल्हाद शिंदेंचा.

आयई ६००वर ते लावलं तेव्हा गाण्याच्या आधी दोन सेकंद नुसती खरखर ऐकू आली. तिच्यात थर होते. मूळ कॅसेटची एक खरखर, तिच्यावर पप्पांच्या डेकची दुसरी. दुकानातला मुलगा ओशाळून म्हणाला, "सर, हे रेकॉर्डिंगच खराब आहे. यावर काही कळणार नाही." मला तर त्यावरच सगळं कळत होतं.

आमच्या भागात माणसं काय ऐकत होती आणि कशावर ऐकत होती, याचा इतिहास कुणी सलग लिहिलेला मला तरी सापडला नाही. पण मराठवाड्याचं स्वातंत्र्यच मुळी रेडिओवरून आलं, असं म्हणता येईल. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने हैदराबाद रेडिओवरून शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. निजामाची दोन रेडिओ केंद्रं होती, हैदराबाद आणि औरंगाबाद. १ एप्रिल १९५०ला ती आकाशवाणीकडे गेली. त्या काळात रेडिओ ही घरातली वस्तू नव्हती, वाड्यातली होती. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर कोण बसणार आणि कोण बाहेर उभं राहून ऐकणार, हे तोच ठरवायचा. ऐकणं सगळ्यांचं एकत्र होतं, पण सारखं नव्हतं.

कॅसेटने हे मोडलं. फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली आणली. आपल्याकडे ती खरी पसरली ऐंशीच्या दशकात, गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने किंमत खाली आणल्यावर. तोवर रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही आणि गाणं म्हणजे मुंबईने निवडलेलं गाणं. कॅसेटने गाणं भरण्याचं काम गल्लीतल्या दुकानात आणलं.

पप्पांचं दुकान वजिराबादला होतं. काम एकच, कॅसेट भरून देणे. गिऱ्हाईक वहीत बघून गाणी निवडायचं आणि पप्पा साठच्या किंवा नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचे. (आजच्या भाषेत ही पायरसी. पप्पांना हा शब्द मीच शिकवला, तो त्यांना आवडला नाही.) १४ एप्रिलच्या आधी महिनाभर भीमगीतं, पहाटेपर्यंत. गणपतीत भजनं. हुजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी शबद कीर्तन. कंधारच्या उरुसाला कव्वाल्या, माळेगावच्या जत्रेला लावण्या. बिलोली-देगलूरकडची माणसं तेलुगू सिनेमाची गाणी मागायची. नांदेडचा नकाशा कुणाला हवा असेल तर तो त्या वहीत होता.

यातली भीमगीतं वेगळी सांगायला हवीत. जुलै १९७८मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत वामनदादा कर्डकांची, शिंदे घराण्याची, विठ्ठल उमपांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती बरीचशी कॅसेटवरून. त्यासाठी कुणाच्या ओसरीवर जावं लागत नव्हतं, की आकाशवाणीच्या वेळापत्रकाची वाट बघावी लागत नव्हती. दोन सेलवर चालणारा टेप आणि भरलेली कॅसेट पुरे होती. मी दुकानात ऐकत होतो ती फाइल अशाच एका कॅसेटची. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, म्हणून आमच्याकडे राहिलेली.

आता खरखर. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. एवढ्याशा फितीवर दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला डावा-उजवा मिळून चार पट्टे बसवायचे. पट्टा अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे फितीवरच्या चुंबकीय कणांचा स्वतःचा गोंगाट गाण्याच्या मागे ऐकू येतो. एका कॅसेटवरून दुसरी भरली की त्यात भर पडते. पप्पांचं अर्धं आयुष्य या खरखरीशी भांडण्यात गेलं. स्पिरिट लावलेल्या कापसाने हेड पुसायचे, स्क्रू ड्रायव्हरने हेडचा कोन जुळवायचे. त्यांच्या डेकला डॉल्बीचं बटण होतं. डॉल्बी भरताना पातळ, बारीक आवाज उचलून धरतं आणि वाजवताना तेवढाच खाली आणतं, त्याबरोबर खरखरही दबते. गिऱ्हाइकांच्या टेपला डॉल्बी नसायची. मग उचललेला आवाज उचललेलाच राहायचा आणि गाणं चिरकं वाजायचं. गंमत म्हणजे लोकांना तेच आवडायचं. "तुमच्याकडची कॅसेट कशी खणखणीत वाजते," म्हणून लोक लांबून यायचे. आज इअरफोन कंपन्या बारीक आवाज मुद्दाम उचलतात आणि त्याला डिटेल म्हणतात. वजिराबादला ते १९८९ सालीच मिळत होतं, चुकून.

इअरफोनची गोष्ट मात्र नांदेडपासून फार लांब सुरू होते. १९१० साली अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन तयार केले आणि अमेरिकी नौदलाला पाठवले. त्याच्या यंत्रात लोखंडाची एक पातळ पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या बरोबर मध्ये तोललेली होती. वीज आली की ती हलायची आणि तिला जोडलेला पडदा हलवायची. याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. पट्टी तोललेली असल्यामुळे अगदी क्षीण विजेवरही आवाज निघतो. नौदलाला ते बिनतारी संदेश ऐकायला हवं होतं. पुढे शिकागोच्या नोल्स कंपनीने हीच रचना तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, इतकी लहान केली. संगीतासाठी नव्हे, श्रवणयंत्रांसाठी.

हे मला तिसऱ्या शनिवारनंतर वाचताना कळलं आणि मी जरा गप्पच झालो. उंची इअरफोनच्या जाहिरातीत ज्या बीए ड्रायव्हरची संख्या मिरवतात, तो मुळात कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी घडवलेला भाग आहे. १९९१मध्ये एटिमॉटिकने ईआर-४ आणला. कंपनीचे संस्थापक मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे अभ्यासक. १९९५च्या सुमारास जेरी हार्वीने ॲलेक्स व्हॅन हेलेन या ड्रमरसाठी इअरफोन केले, स्टेजच्या गोंगाटात त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून. आपण महागड्या दुकानात जे निवडतो ते सगळं या दोन गोष्टींचं नातेवाईक आहे.

मधे वॉकमन येऊन गेला होता. १९७९च्या पहिल्या सोनी वॉकमनला हेडफोनसाठी दोन छिद्रं होती, आणि एक बटण दाबलं की दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, असं सोनीच्या अकिओ मोरितांना वाटलं होतं. पुढच्या मॉडेलांतून दुसरं छिद्र गेलं. लातूरला अकरावी-बारावीला असताना आम्ही ते आपल्या परीने परत आणलं होतं. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, त्यातल्या एकावर दीडशे रुपयांत इअरफोन मिळायचा. डावा कान माझा, उजवा रूममेटचा. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. भरून हाच शब्द. पप्पांचं दुकान बंद पडलं होतं, क्रियापद चालू होतं. महिन्याभरात पिनेजवळ वायर तुटायची आणि ती विशिष्ट कोनात धरून ठेवली तरच आवाज यायचा. फिजिक्सची टेस्ट सिरीज तशीच, एका हाताने.

आता खरेदीबद्दल, कारण काही जण त्यासाठीच इथवर आले असतील. ड्रायव्हर किती हे जवळजवळ निरर्थक आहे. कानाची नक्कल करणाऱ्या धातूच्या नळीत इअरफोन बसवून आलेख काढतात, तो बघा. पण ती नळी सरासरी कानाची आहे, तुमच्या नाही. आलेख कसा असावा, याचा हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने ठरवलेला नमुना सध्या बहुतेक जण प्रमाण मानतात. तो शेकडो लोकांना गाणी ऐकवून, त्यांच्या पसंतीवरून बांधला. ती गाणी बहुतेक पाश्चात्त्य पॉप, रॉक, जॅझ. ढोलकीची शाई आणि हलगीची कडकड कशी ऐकू यावी, हे तिथे कुणी विचारलं नसणार. तेव्हा आपलं गाणं घेऊन जा. आणि सगळ्यात आधी रबराची टोपी कानात घट्ट बसते का ते बघा. फट राहिली की खालचा आवाज गळून जातो आणि साठ हजारांचा इअरफोन दीडशेवाल्यासारखा वाजतो. पाच हजारांच्या वर फरक असतो, पण पैशांच्या मानाने तो फार हळू वाढतो. मला आयई ६०० सगळ्यात आवडला. घेतला ईआर-४एसआर, आणि आयई ६००साठी पैसे साठवायला लागलो.

दिवाळीत नांदेडला गेलो. पप्पांच्या कानात ईआर-४ नीट बसवला, तीच फाइल लावली. पप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "खर कशी काढलास बे?"

मी काहीच काढलं नव्हतं.

"पूर्ण गेली की. आम्ही डोकं आपटलं तरी जात नव्हती."

मी आवाज वाढवला, पुन्हा सुरुवातीपासून लावलं. ते म्हणाले, "साफ." तेव्हा आठवलं की वर्षभर ते फोनवर "काय?" विचारत होते. आई म्हणायची, लक्ष देत नाहीत. ते म्हणायचे, "ऐकू यायलंय सगळं, पण समजंना." खरखर असते वरच्या पट्टीत. स, श, फ, थ हे आवाजही तिथेच. स्वर खाली असतात. वरचं गेलं की बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत.

चाचणी नांदेडलाच केली. काचेच्या खोलीत तंत्रज्ञ बाईंनी त्यांच्या कानांत फोमची पिवळी बोंडं सरकवली. मी नळीमागच्या डबीवरचं नाव वाचलं, ईआर-३ए. ऐंशीच्या दशकात एटिमॉटिकने तपासणीसाठी काढलेला, माझ्या इअरफोनचा थोरला भाऊ. आलेख १००० हर्ट्झपर्यंत ठीक होता, पुढे उतार, ४०००ला खड्डा. पप्पांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "डॉल्बी बंद पडली म्हणा की."

श्रवणयंत्राला मात्र नाही. म्हातारा दिसतो म्हणे. इअरफोन चालेल, तो पोरं घालतात. मी एका जुन्या बिघडलेल्या इअरफोनचा बीए ड्रायव्हर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितला. पट्टी कुठंय, चुंबक कुठंय, सगळं विचारलं. "आणि हेच त्यात असतंय?" हेच असतं म्हटलं. "मग लाव."

आयई ६००चे पैसे त्यात गेले, वर थोडे घालावे लागले. बसवून दिल्यावर पहिल्या दिवशी कॅरीबॅगच्या चुरचुरीने ते वैतागले. आपलाच आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटतो म्हणाले. संध्याकाळी यंत्राचा संगीतासाठीचा प्रोग्रॅम लावून घेतला आणि जुन्या टेपमध्ये तीच कॅसेट घातली. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"थांब. हाय की खर."

मग उठून स्पिरिट शोधायला लागले.